लेकरू दूध टाकतं आणि रडायचं थांबत नाही: पहिल्या चार महिन्यांत नेमकं काय करायचं

दिवे लागायच्या टायमाला आमच्या पोरीचं रडणं सुरू व्हायचं, अगदी घड्याळ लावल्यासारखं. मी परभणी जिल्ह्यात माहेरी बाळंतपणाला गेलेली, मे महिना, दुपारी पारा ४३ वर, रात्रीसुद्धा भिंती गरम, आणि ही पाय पोटाशी ओढून, मुठी आवळून, कपाळापर्यंत लाल होऊन रडतीय ती साडेदहा-अकरापर्यंत. पाजलं की पाच मिनिटं गप्प, खांद्यावर घेतलं की भसकन दूध टाकायची, माझा गाऊन, आईची साडी, बाजेवरची गोधडी सगळ्याला आंबट वास. शेजारच्या काकू म्हणायच्या दृष्ट लागली, मावशी म्हणायची तू वांगं खाल्लंस म्हणून दूध बाधलं, आत्या म्हणायची जायफळ उगाळून लावा जिभेला, गप झोपतंय लेकरू. सगळ्या मायेनंच बोलत होत्या, पण मला त्या प्रत्येक सल्ल्यातून एकच ऐकू यायचं की माझंच काहीतरी चुकतंय.

चुकत नव्हतं. तुमचंही बहुतेक चुकत नाहीये. पोरगी आता दीड वर्षाची झाली, मधल्या काळात मी बालरोगतज्ज्ञांना वही घेऊन बसून प्रश्न विचारले, मिळेल ते वाचलं, आणि दोन चुलत बहिणींना नि एका नणंदेला रात्री-अपरात्री फोनवर हेच सांगितलं, म्हणून आता एकदाच नीट लिहून काढते. मी डॉक्टर नाही. खाली धोक्याच्या खुणा दिल्यात, त्यातलं एक जरी दिसलं तरी वाचणं सोडून सरळ दवाखाना गाठा.

आधी दूध टाकणं आणि रडणं वेगळं करा

आपण दोन्ही एकात बांधतो, की दूध टाकतंय म्हणजे पोटात जळजळ होतीय आणि म्हणून रडतंय. बहुतेक लेकरांत तसं नसतं.

रडण्याचा स्वतःचा एक चढ-उतार असतो. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त होतं, मग उतरायला लागतं आणि तीन-चार महिन्यांत बरंचसं निवळतं. ब्रॅझल्टन नावाच्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी आयांना रोजच्या नोंदी ठेवायला सांगितल्या होत्या, १९६२ साली ते छापून आलं, त्यात सहा आठवड्यांची अगदी धडधाकट लेकरं दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास रडत होती. आजारी नाही, धडधाकट! लेकरू दिवस भरायच्या आधी झालं असेल तर हे आठवडे डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजायचे, जन्मापासून नाही.

दूध टाकण्याचं कारण वेगळं. अन्ननळी जिथं जठराला मिळते तिथला स्नायू मधेमधे ढिला पडतो, त्यात लेकराची अन्ननळी आखूड, खाणं सगळं पातळ, आणि दिवसभर आडवं पडलेलं, मग दूध वर येणारच. पहिल्या तीन महिन्यांत निम्मी-अर्धी लेकरं दिवसातून एकदा तरी टाकतात, चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं, आणि वर्षाची होईपर्यंत बहुतेकांचं आपोआप थांबतं.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. चौथ्या महिन्यात दूध टाकणं कळसाला असतं आणि रडणं तेव्हा ओसरलेलं असतं. दुखणं एकच असतं तर दोन्ही बरोबर वाढलं असतं ना? मला हे कळलं त्या दिवशी डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. म्हणूनच ॲसिड कमी करायची औषधं नुसत्या रडण्यावर लागू पडत नाहीत, आणि वजन वाढत असेल, लेकरू हसत-खेळत असेल तर नुसत्या दूध टाकण्यालाही औषध लागत नाही, खांद्यावर टाकायला जुन्या धोतराचे चार तुकडे मात्र लागतात.

पहिलं काम: उजेडात पूर्ण उघडं करून बघणं

रडणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, अचानक सुरू झालं आणि थांबेनाच, तर आधी लाईटखाली घेऊन सगळे कपडे काढायचे. अंगडं, टोपडं, मोजे, लंगोट, कमरेचा काळा दोरा, सगळं. आमची पोरगी अडीच महिन्यांची असताना एकदा भर दुपारी किंचाळायला लागली, ती तिची रडायची वेळच नव्हती. दूध घेईना, खांद्यावर राहीना. माझ्या आईनं पायातले मोजे काढले तर डाव्या पायाची करंगळीशेजारची बोटुली जांभळी पडून फुगलेली, आणि तिच्या मुळाशी माझ्याच डोक्याचा एक लांब केस दोन-तीन वेढे घेऊन रुतलेला, इतका की आधी दिसलाच नाही, बोटानं चाचपल्यावर खाच लागली. बाळंतपणानंतर केस गळतात ते असे मोज्यात, हातमोज्यात जातात. आईनं नखानं टोक धरून सोडवला, तासाभरात रंग परत आला. केस निघत नसेल किंवा निघूनही बोट जांभळंच राहिलं तर वाट बघू नका, लगेच दवाखाना. तेव्हापासून मोजे घालायच्या आधी उलटे करून झटकते.

उघडं केल्यावर हाताची-पायाची बोटं, मुलगा असेल तर लघवीची जागा आणि गोट्या, जांघेत गाठ आलीय का, डोळ्याला नख लागून पाणी येतंय का, काखेत-मानेत घामोळं चिघळलंय का, एवढं बघायचं. मग ताप. थर्मामीटर काखेत लावायचा, हातानं अंदाज नको, आपल्याकडच्या उन्हाळ्यात हाताला सगळंच गरम लागतं.

हे असेल तर त्याच घडीला निघा:

- उलटी हिरवी, किंवा उलटीत रक्त
- दर पाजण्यानंतर उलटी हातभर लांब उडतीय आणि लगेच परत भूक लागतीय (दोन ते आठ आठवड्यांच्या लेकरात जठराचं पुढचं तोंड आकसलेलं असू शकतं, त्याला छोटं ऑपरेशन लागतं)
- तीन महिन्यांच्या आतल्या लेकराला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, किंवा अंग थंडगार
- टाळू फुगलेली, लेकरू मलूल, जागं करूनही प्यायला उठत नाही
- शीमध्ये रक्त, पोट फुगून घट्ट
- श्वासाला धाप, ओठ निळे, झटके
- जांघेत घट्ट गाठ, हात लावला की किंचाळतं

गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा. वर्षाच्या आतल्या आजारी लेकराला सरकारी दवाखान्यात उपचार आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे, त्यासाठी १०२ ची गाडी असते, आशाताईंना नंबर माहीत असतो.

पोट भरतंय का, हे लंगोट आणि वजन सांगतं

'दूध पुरत नाही' हे वाक्य बाळंतिणीला सगळ्यात आधी ऐकवलं जातं आणि त्यावरून पावडरचा डबा घरात येतो. आधी मोजा. पहिला आठवडा झाल्यावर २४ तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट, आणि आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वजन, एवढं होत असेल तर दूध पुरतंय. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, वजन करतात, माता-बाल संरक्षण कार्डावर लिहितात. ती कार्डावरची रेघ वर चढतीय ना, हे स्वतः बघा, नुसतं 'ठीक आहे' ऐकून कार्ड कपाटात ठेवू नका. रेघ आडवी झाली आणि दूध टाकणं चालू असेल तर मात्र तो आजार धरायचा आणि डॉक्टरांकडं जायचं.

पाजताना काय बदलायचं

रडून रडून बेजार झाल्यावर पाजलं की लेकरू घटाघटा ओढतं, हवा गिळतं आणि मग टाकतं. तोंड वळवणं, मूठ चोखणं, जीभ बाहेर काढणं ही भुकेची पहिली खूण, तेव्हाच घ्यायचं. तोंड मोठं उघडू द्यायचं, नुसतं बोंड नाही तर भोवतालचा काळा भागही तोंडात जायला पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली. चुटचुट आवाज येत असेल तर पकड सैल आहे, करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवायचं आणि परत लावायचं.

माझ्या बाबतीत दूध एकदम फवाऱ्यासारखं यायचं, पोरगी ठसकायची. डॉक्टरबाईंनी सांगितलं की मागं रेलून बसा, पाठीला तक्क्या घ्या, लेकरू पोटावर पालथं घेऊन पाजा, म्हणजे दूध खालून वर जातं आणि जोर कमी होतो. दोन दिवसांत फरक पडला. आणि एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्या, दर पाच मिनिटांनी बाजू बदलू नका.

वरचं दूध देत असाल तर पोटात किती जातंय ते मोजा, कारण बाटलीनं जास्त पाजलं जातं. महिन्याभराच्या पुढं साधारण दर किलो वजनाला दिवसाला १५० मिली, म्हणजे ४ किलोच्या लेकराला ६०० मिली, आठ वेळा द्यायचं तर एका वेळी ७५. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, पातळ नाही न् घट्ट नाही. जमलं तर बाटली टाळा, वाटी-चमचा नाहीतर बोंडलं बरं, धुवायला सोपं आणि लेकरू आपल्या गतीनं पितं. दूध घट्ट व्हावं म्हणून त्यात रवा, नाचणी, बिस्कीट काही घालायचं नाही.

बाळंतिणीच्या पथ्याबद्दल मी स्पष्टच बोलते. वांगं, हरभऱ्याची डाळ, आंबट, थंड, सगळं बंद करून नुसतं मेथी-शेपू-भाकरी खायला लावण्यानं लेकराचं रडणं थांबत नाही, बाई मात्र खंगते. एकच अपवाद. शीमध्ये रक्ताच्या रेघा किंवा शेंबडासारखा चिकट भाग, अंगावर न जाणारे खरबरीत लाल चट्टे, वजन अडलेलं, असं असेल तर गाई-म्हशीच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. मग डॉक्टरांना विचारून आईनं दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पेढे, चहातलं दूधसुद्धा बंद करून बघायचं आणि नंतर परत सुरू करून खात्री करायची. अंगावरचं पाजणं बंद करायचं नाही.

पाजल्यावरची वीस-तीस मिनिटं

उभं धरायचं, छातीला छाती लावून, मान आपल्या खांद्यावर. मांडीवर बसवून पोट दुमडेल असं नाही, त्यानं उलट जास्त येतं. लंगोट बदलणं, मालिश, अंघोळ, पाय डोक्याशी नेऊन खेळवणं हे सगळं पाजायच्या आधी.

ढेकरीचा मात्र जिवाला घोर लावून घेऊ नका. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी दवाखान्यात ७१ आई-लेकरांच्या जोड्यांवर अभ्यास झाला होता, त्यात ढेकर काढल्यानं रडणं काही कमी झालं नाही, आणि दूध टाकणं तर वाढलेलं दिसलं. पाठीवरून हलका हात फिरवा, आली तर आली. ढेकर येईना म्हणून रात्री दोन वाजता झोपलेल्या लेकराची पाठ थोपटत बसणं मी तिथंच सोडलं.

संध्याकाळचं रडणं: हातानं काय करता येतं

क्रम महत्त्वाचा. सगळं एकदम केलं की लेकरू अजून भडकतं: एकजण खुळखुळा वाजवतोय, एकजण टाळ्या, टीव्ही चालू, पाहुणे गालाला हात लावतायत. सहा आठवड्यांचं लेकरू सलग तास-दीड तासाच्या वर जागं राहिलं की थकतं आणि थकलं की त्याला झोपताच येत नाही. म्हणून साडेपाच-सहालाच खोलीतला लाईट मंद करा, पाहुण्यांना ओसरीवर बसवा.

मग पातळ मलमलच्या दुपट्यात हात आत घेऊन गुंडाळा, कमरेखाली सैल, पाय बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत. घरात उकाडा असेल तर अंगात दुसरं काही नको, आणि मान-पाठ घामेजली तर लगेच सोडा. कुशीवर वळायचा प्रयत्न सुरू झाला की गुंडाळणं कायमचं बंद.

आवाज. आपल्याकडं हा फुकट आहे, कुलरची घरघर. एकसारखा घुऽऽऽ आवाज लेकराला शांत करतो, फक्त कुलर लांब ठेवा, वारं थेट अंगावर नको. लाईट गेली की आमची लगेच उठायची, मग मी तोंडानंच कानाजवळ शूऽऽ शूऽऽ करायची.

आणि चालणं, जे सगळ्यात जास्त लागू पडतं. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवलं की रडणाऱ्या लेकराला घेऊन पाच मिनिटं एका लयीत चाललं की ते शांत होतं, बऱ्याचदा झोपतं, पण लगेच खाली ठेवलं की उठतं, म्हणून झोप लागल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसायचं आणि मग ठेवायचं. आमचे आबा हे कुणी न सांगता करत होते. अंगणात लिंबाच्या झाडापासून फाटकापर्यंत तीस पावलं जायचं, तीस यायचं, थांबायचं नाही, झटक्यात वळायचं नाही, तोंडानं विठ्ठल विठ्ठल. पोरगी त्यांच्या हातावर पालथी, पोट मनगटाच्या वरच्या भागावर, गाल कोपराच्या खोबणीत, पाय दोन्ही बाजूंनी लोंबलेले. अकराव्या-बाराव्या फेरीला हाताची मूठ सुटायची. मूठ सुटली की झोप आली समजायचं. ही पालथी धरायची पद्धत शिकून घ्या, पोटाला हलका दाब मिळतो, फक्त पाजून अर्धा तास झालेला असावा, आणि लेकरू तसंच पालथं खाली ठेवायचं नाही.

पोटाला कोमट तेल लावून बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरवणं, पाय सायकलसारखे हलवणं, हेही करा. हिंगाचा लेप नाळ पडून जागा वाळली असेल तर बेंबीभोवती लावायला हरकत नाही, कातडी लाल झाली तर बंद. काहीच लागू पडलं नाही तरी घेऊन बसण्यानं लेकरू बिघडत नाही, 'हाताची सवय लागंल' हे तीन महिन्यांच्या लेकराला लागू नाही.

झोपवताना

पाठीवर, सपाट, दूध टाकणारं लेकरूसुद्धा. ठसका लागंल ही भीती मलाही होती, पण पाठीवर असताना श्वासनळी वर आणि अन्ननळी खाली असते, त्यामुळं वर आलेलं दूध परत खाली जातं. पालथं झोपवलं की धोका वाढतो. डोक्याखाली उशी नको, डोकं गोल व्हावं म्हणून करतात ती मोहरीची उशीपण नको, गादीखाली वीट घालून उतार नको. साडीच्या झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो, म्हणून झोळीत कुणीतरी समोर बसून नजर ठेवूनच, आणि रात्रीच्या झोपेला सपाट अंथरूण.

तोंडात काय घालायचं नाही

सहा महिने अंगावरचं दूध, बस. उन्हाळ्यात सगळे म्हणतात घसा वाळतोय, दोन चमचे पाणी दे. अंगावरच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं, जास्त वेळा पाजा. मध वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळं लेकराचे स्नायू लुळे पडणारा आजार होऊ शकतो.

घुटीवर आमच्या घरात खरं भांडण झालं. वेखंड, हिरडा, मुरडशेंग, जायफळ सहाणेवर उगाळून, आणि डोस काय तर 'दोन वळसे'. कुणाच्या हाताचा वळसा? जायफळ जास्त गेलं तर लेकराला गुंगी येते, ती झोप नव्हे, आणि सहाण, पाणी, मुळ्या यातून जुलाबाचे जंतू जातात ते वेगळंच. मी आत्याला नाही म्हणून तोडलं नाही, तर संध्याकाळची मालिश तिच्याकडं दिली. तिच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त गुण होता, आणि घुटी मागं पडली. नाकात-कानात तेल, ओव्याच्या धुराची शेगडी, तव्यावर तापवलेल्या कापडाचा शेक, बिब्ब्याचा चटका, यातलं काहीच नको. चटक्यानं लेकरं भाजतात.

ग्राइप वॉटर १८५१ पासून विकलं जातंय, पण त्यानं रडणं थांबतं याला पुरावा नाही. सिमेथिकोनचे गॅसचे थेंब तपासून बघितले तेव्हा औषध नसलेल्या साध्या थेंबांच्या पुढं गेले नाहीत. सगळ्यात घातक म्हणजे डायसायक्लोमाइन. आम्हाला एका मेडिकलवर चिठ्ठी नसताना 'पोटदुखीचे थेंब' म्हणून हेच दिलं होतं, घरी आल्यावर नवऱ्यानं बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं म्हणून वाचलो. सहा महिन्यांखालच्या लेकराला हे द्यायचंच नाही, श्वास अडल्याच्या घटना नोंदल्या गेल्यात. कुठलीही बाटली उघडायच्या आधी घटक वाचा.

तुमचा तोल जायला लागला तर

रात्री एक वाजता एकदा मी तिला जरा जोरात हलवायला निघाले होते. हात थरथरत होते. हलवायचं कधीच नाही, मान कच्ची असते, दोन-चार झटक्यांतही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मी तिला बाजेवर नाही, खाली अंथरुणावर पाठीवर ठेवलं, दार ओढून घेतलं आणि हौदापाशी जाऊन तोंड धुतलं, पाच मिनिटं उभी राहिले. ती रडत होती, पण सुरक्षित होती. परत आल्यावर माझे हात वेगळे होते.

घरातल्यांनी पाळ्या लावा. नवरा गावाकडं शनिवार-रविवारीच येत असेल तर ते दोन दिवस संध्याकाळी सात ते दहा लेकरू त्याच्याकडं, आणि त्या वेळात बाळंतिणीनं भांडी नाही घासायची, झोपायचं. दोन आठवड्यांच्या वर रोज उदास वाटत असेल, लेकरू झोपलं तरी झोप येत नसेल, नको नको ते विचार येत असतील तर टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या १४४१६ वर फोन करा, मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

दवाखान्यात जाताना

ओपीडीत पाच मिनिटं मिळतात आणि नेमकं तेव्हाच लेकरू गाढ झोपतं. म्हणून रडण्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, दूध टाकतानाचाही, शी वेगळी दिसली तर लंगोटाचा फोटो. वहीत तीन दिवसांचं लिहा: कधी पाजलं, किती वेळा टाकलं, रंग काय, ओले लंगोट किती, रडणं किती वाजता सुरू, किती वाजता बंद. सोबत वजनाचं कार्ड आणि आतापर्यंत दिलेल्या सगळ्या बाटल्या, घुटीची पुडीसुद्धा, लपवायची नाही. माझ्या वहीत सहाव्या आठवड्याला 'सात ते पावणेअकरा' लिहिलंय, दहाव्याला 'साडेसात ते नऊ', आणि चौदाव्यात फक्त 'दूध तीनदा टाकलं, दिवे लागले तेव्हा आबांच्या खांद्यावर जागी होती, कुलरकडं बघत होती.'